येऊ का आत?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आता भागुजी साळवे हे नाव सांगतो. पूर्वी वडिलांचं सांगायचो. वडिलांचे उपकार खोटे नाहीत. चाकणच्या बाजूची आमची जमीन कोरडवाहू, घरात खाणारी तोंडं बरीच, तरी त्यांनी मला गुरांमागे न धाडता खेडच्या हायस्कुलात ठेवलं. पण पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नोकरीच्या मुलाखतीला हाच प्रश्न निघाला, तेव्हा ओठांवर आलेलं साळव्यांचं नाव मी गिळलं आणि वडिलांचं घेतलं. समोरच्या साहेबांनी समाधानाने मान हलवली. नोकरी लागली. पुढे कॉलनीत क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, हिरवं दार आणि दाराखाली सिमेंटचा उंबरा.

साळवे दिघीजवळच्या लष्करी डेपोत कारकून होते. मॅट्रिक झाल्यावर मी तिथे हंगामी लागलो. ट्रकमधून उतरणाऱ्या पेट्या मोजायच्या आणि आकडा साळव्यांच्या टेबलावर नेऊन द्यायचा, एवढंच काम. पहिल्या दिवशी आकडा घेऊन गेलो तर टेबल रिकामं. खोलीच्या दाराबाहेर एक उंच, वाळका माणूस खाकी कोटाची कॉलर वर करून उभा. आत त्याचंच टेबल, त्याचीच खुर्ची, आणि तो बाहेर उभा राहून विचारतोय, "येऊ का आत?"

हेडक्लार्कनी मान वर न करता "या" म्हटलं, तेव्हा साळवे आत आले आणि माझ्या हातातला कागद घेतला. हे रोज चाले. साहेबांच्या केबिनपाशी, न्हाव्याच्या दुकानात, पोस्टात, कुठेही "या" ऐकल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्यापलीकडे पडत नसे. चहावाल्याला गिऱ्हाइकांची घाई असली की तो लांबूनच ओरडे, "या साळवे, उद्याचं पण आत्ताच म्हणून ठेवतो."

ही सवय एका पुस्तकातून आली होती. गोरे साहेब बोटीने परत गेले तेव्हा त्यांच्या क्लबातली पुस्तकं रद्दीत निघाली. साळव्यांनी ढिगातून एकच उचललं, कारण त्याचा पुठ्ठा शाबूत होता. घरी डिक्शनरी घेऊन बसले तेव्हा कळलं, की ही रक्त पिऊन जगणाऱ्या एका मेलेल्या उमरावाची गोष्ट आहे. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना ती कुठली ते कळलंच असेल. डोंगरातली गढी, मातीने भरलेल्या पेट्या, आरशात न दिसणारा यजमान आणि त्याच्या मागावर निघालेली चार भली माणसं. त्या उमरावाला अफाट ताकद असते, पण कुणाच्या घरात तो आपण होऊन शिरू शकत नाही. आधी घरातल्या कुणीतरी त्याला बोलवावं लागतं.

साळव्यांचं त्या पुस्तकाविषयी स्वतःचं एक मत होतं. उमराव सापडला तो शूर माणसांमुळे नव्हे, कारकुनांमुळे. त्याच्या मातीच्या पेट्या बोटीवर चढल्या, उतरल्या, गाड्यांतून कुठे कुठे गेल्या, ते कुणीतरी इमानाने टिपून ठेवलं होतं म्हणून त्याचा ठिकाणा लागला. मी एकदा पेट्या मोजताना चूक केली तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एक पेटी राहिली बघ. आता तो नेमका तीतच निजलेला असणार."

ती कादंबरी ते दरवर्षी श्रावणात वाचत. वाचत म्हणजे पारायण करत. सकाळी आंघोळ, धुतलेलं धोतर, पाटावर तांबड्या फडक्यात बांधलेलं पुस्तक, समोर समई. सप्ताहात पुस्तक पुरं झालंच पाहिजे. वाचताना उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. वाचन फक्त दिवसाउजेडी, कारण अंधार पडला की त्याचा अंमल. आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. साळव्यांच्या पारायणात लसणाचा गड्डा समईशेजारी फुलाच्या जागी असे. समाप्तीला प्रसाद म्हणून लसणाची चटणी आणि बाजरीची भाकरी. सप्ताहासाठी ते रीतसर रजा काढत, आणि रजेचा अर्जही त्या पुस्तकाच्या भाषेत असे. एका वर्षी त्यांनी लिहिलं होतं, की एका प्राचीन आणि अभद्र सत्तेशी माझा जो जुना करार आहे तो मला या आठवड्यात पाळणं भाग आहे. नवे साहेब मद्रासकडचे होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि हेडक्लार्कला विचारलं, की हा माणूस कोर्टकचेरीत अडकला आहे का. तेव्हापासून डेपोत त्यांची थट्टा सुरू झाली ती थांबलीच नाही. "काय साळवे, आज रक्त मिळालं का?" असं कुणीही विचारी. वास्तविक साळव्यांचे वरचे पुढचे दात कधीच पडले होते. त्यांना भाकरीसुद्धा कालवणात कुस्करून खावी लागे.

घरात त्यांची थोरली विधवा बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. साळवे स्वतःच्या दारातही उभे राहून विचारायचे, "येऊ का आत?" आक्का चुलीपुढून उत्तर द्यायची, "न्हाई म्हनलं तर जाशील कुठं? ये मुकाट." भावाच्या पारायणाबद्दल तिला काही वाटत नसे. मला एकदा म्हणाली, "ह्येचा द्येव रगात पितो, माजा द्येव कोंबडं मागतो. भांडान कशाला करायचं?"

पण एका श्रावणात तिने विहिरीवर बायकांना ती गोष्ट सांगितली, आणि दोन दिवसांत सगळ्या वस्तीत दारादारावर लिंबू-मिरचीशेजारी लसणाच्या जुड्या लटकल्या. साळवे अस्वस्थ झाले. घरोघर जाऊन, प्रत्येक दारात "येऊ का आत?" विचारून, त्यांनी समजूत घालायला सुरुवात केली, की बायांनो, तो विलायतेकडचा आहे, त्याला वाहतं पाणी आपल्या बळावर ओलांडता येत नाही. पुण्याकडून यावं तर मुळा आडवी, चाकणकडून यावं तर इंद्रायणी. एक म्हातारी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पन भागुजी, आता पूल झाल्यात की." साळवे घरी आले आणि त्यांनी आपल्याही दारावर एक जुडी लावली.

दारासमोरच्या भिंतीवर त्यांनी एक आरसा टांगला होता. कुणी आलं की ते त्याला आधी आरशात बघायचे आणि मग म्हणायचे, "दिसतोस. म्हणजे माणूस आहेस. ये." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही त्यांनी तसंच तपासून घेतलं होतं.

मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तो इंग्रजीसाठी. नोकरी करून बाहेरून पदवीच्या परीक्षेला बसायचं मी ठरवलं होतं, आणि इंग्रजी हा माझा जन्माचा अडसर होता. खेडला आम्ही इंग्रजी पाठ केलं होतं, वाचलं नव्हतं. साळव्यांनी माझी क्रमिक पुस्तकं बाजूला ठेवली आणि पहिल्याच संध्याकाळी मला त्या गढीत नेऊन सोडलं. एक वाक्य मी वाचायचं, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, मग पुढचं. भीतीमुळे मी वाचत गेलो. पुढे काय झालं हे कळायला हवं असेल तर डिक्शनरी उघडण्यावाचून इलाज नव्हता. परीक्षा अजून लांब होती तेव्हापासून ते मला ग्रॅज्युएट म्हणायचे. "काय ग्रॅज्युएट, काल त्याला कुठे सोडलं होतं आपण?" अशी शिकवणीची सुरुवात व्हायची.

मी एकदा विचारलं, की दरवर्षी तेच तेच काय वाचता, शेवट तर माहीत आहे.

"तुमच्या घरी पोथी लावतात, तिचा शेवट कुणाला माहीत नसतो का?" ते म्हणाले.

मग त्यांनी लहानपणचं सांगितलं. गावच्या देवळात श्रावणभर पोथी चाले. भागुजी पायरीखाली उभा राहून ऐकायचा. ऐकू येईल तेवढी पोथी त्याची. पाऊस आला की बाहेरच्या बाजूला बसलेले आत सरकायचे, वाचणाराही आत सरकायचा, आणि पोथी ऐकू येईनाशी व्हायची. म्हणून गोष्टींचे शेवट त्याला कधी कळलेच नाहीत. "हे पुस्तक घेताना मला कुणी हात लावू नको म्हटलं नाही," साळवे म्हणाले. "मग याचीच पोथी केली."

त्यांची वस्ती गावकुसाबाहेरची, हे त्यांनी सांगण्याआधीच मला ठाऊक होतं. आपल्याकडे हे आडनावावरून आणि घराच्या जागेवरून ठाऊक होतंच. म्हणून दोघेच असलो की मी त्यांना गुरुजी म्हणायचो आणि चारचौघांत साळवे. ते दोन्ही हाकांना सारखीच ओ देत.

त्याच दिवशी मी दुसराही एक प्रश्न विचारला होता. एवढा बलाढ्य सैतान, भिंतीवरून सरपटणारा, धुकं होऊन फटीतून शिरणारा, त्याला बोलावणं कशाला लागतं? घरच्या मालकानेच बोलवावं लागतं का?

"मालकाचं काही नाही. घरातल्या एकाने 'या' म्हटलं की पुरे," ते म्हणाले. "आणि का लागतं म्हणशील, तर सैतान आहे म्हणून त्याला आत घेत नाहीत, की आत घेत नाहीत म्हणून त्याचा सैतान झाला, ते मला अजून कळलेलं नाही. त्यासाठीच परत वाचतो."

हे बोलताना ते हसत होते. मीही हसलो.

परीक्षेच्या आदल्या वर्षी माझा अपघात झाला. सुट्टीच्या दिवशी सायकलवरून गावी चाललो होतो. मोशीच्या पुढे कांद्याच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकने मागून धक्का दिला. मला आठवतात ते रस्त्यावर घरंगळणारे कांदे. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं आणि पुण्याच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त फार गेलं होतं. पुढचं मला वडिलांनी आणि डॉक्टरांनी सांगितलं.

डॉक्टरांनी नातेवाइकांना रक्त द्यायला सांगितलं. वडिलांनी लगेच बंडीची बाही वर केली. त्यांचं तपासलं, माझ्याशी जुळलं नाही. चुलते आणि मामा व्हरांड्यात होते. एक चहा प्यायला गेला, दुसरा त्याला शोधायला गेला. थोरले चुलते तेवढे थांबले आणि त्यांनी डॉक्टरांना मनापासून विचारलं, "दूध काढलं तर गाईला परत येतंय. रगत कुटनं यायचं?" डॉक्टर समजावत होते. तेवढ्यात डेपोत बातमी ऐकून साळवे सायकल मारत आले. व्हरांड्याच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, "येऊ का आत?" वडील म्हणाले, "या, या, लवकर या," आणि त्यांचा हात धरून त्यांनी त्यांना आत ओढलं.

साळव्यांनी डॉक्टरांना सांगितलं, की माझं घ्या, एकदा घेऊन भागलं नाही तर पुन्हा घ्या. त्या कादंबरीत एक मुलगी रक्त आटून मरायला टेकते, तेव्हा ती भली माणसं एकामागून एक तिला आपलं रक्त देतात. साळव्यांनी डॉक्टरांना हा दाखला दिला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "पुस्तक जुनं दिसतंय. हल्ली आम्ही आधी जुळतंय का ते बघतो." बघितलं. जुळलं. त्यांनी त्या दिवशी रक्त दिलं, आणि पुढे लागलं तर आधी मला बोलवा असं सांगून ठेवलं. डेपोतल्या मंडळींना मात्र फार मोठा विनोद सापडला. रक्त पिणाऱ्याने रक्त दिलं.

आईला हे कळलं. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, की दिलेलं रक्त अंगात किती दिवस राहतं. डॉक्टरांना वाटलं, पोराच्या काळजीने विचारते आहे. त्यांनी चांगलं समजावून सांगितलं, की बाहेरचं रक्त तीन-चार महिन्यांत जिरून जातं आणि त्याच्या जागी स्वतःचं तयार होतं. आई ते महिने मोजत राहिली. मी प्लास्टर घालून घरी आलो तेव्हा माझी खाट देवघरापासून लांब, पार दाराजवळ घातली होती. मी विचारलं तर म्हणाली, तिथे वारा चांगला लागतो. मला खरं कारण माहीत होतं. मी तीन-चार महिने वारा खात पडलो.

श्रावणात घरी सत्यनारायण घातला. वडील स्वतः डेपोत जाऊन साळव्यांना जेवायला सांगून आले. त्यांनी ते मनापासून केलं होतं, यात मला शंका नाही. साळव्यांच्या पारायणाची समाप्तीही नेमकी त्याच दिवशी होती. ते सकाळी वाचन संपवून सायकलवरून आले. इस्त्रीचा कोट, धुतलेलं धोतर आणि हातात पितळेचा लहान डबा. डब्यात प्रसादाची चटणी.

माझी खाट दाराजवळ असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. त्यांनी सायकल भिंतीला लावली, चपला काढल्या, पाय धुतले. मग उंबऱ्याशी येऊन नेहमीसारखं विचारलं, "येऊ का आत?"

घरात आई होती, चुलत्या होत्या, पोथी सांगायला आलेले भटजी होते. वडील दाराशीच उभे होते. कुणीच काही बोललं नाही. दवाखान्यात ज्यांनी हात धरून आत ओढलं होतं ते वडील मुंडाशाचं टोक सारखं करत राहिले. दवाखाना आमचा नव्हता, घर आमचं होतं.

साळव्यांनी माझ्याकडे बघितलं. घरातल्या एकाने म्हटलं की पुरे होतं. मी आत होतो, त्यांच्यापासून दोन हातांवर. एक अक्षर म्हणायचं होतं. मी प्लास्टरकडे बघत राहिलो आणि त्यावरचा एक पापुद्रा नखाने काढू लागलो.

"न्हाई म्हंजी, आत लई गर्दी हाय," शेवटी वडील म्हणाले. "तुमी हितं वट्यावर वाऱ्याला बसा. हितंच वाढतो तुमाला."

ते ओट्यावर बसले. पान वाढलं ते लांबून. त्यांनी सगळं जेवण केलं, पुरी वरणात कुस्करून खाल्ली, शिरा पुन्हा मागून घेतला आणि चांगला झाल्याचं सांगितलं. जेवण झाल्यावर पान स्वतः उचलून उकिरड्यावर टाकून आले. जागेवर पाणी शिंपडलं. हे सगळं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. आतून मला त्यांच्या कोटाचा खांदा तेवढा दिसत होता.

डब्यातली चटणी आईने चातुर्मास म्हणून घरात घेतली नाही. परसात नेऊन रिकामी केली आणि डबा चिंच लावून घासला. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. त्या दिवशी घरात प्रसादाचा शिरा पातेलंभर होता. तरी तो डबा रिकामा, लखलखीत घासलेला, ओट्याच्या कडेला ठेवला गेला. साळव्यांनी तो उचलला, झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं.

"छान घासलाय," ते म्हणाले. तुला बरं वाटेल तेव्हा ये, गोष्ट अर्धी राहिली आहे, असं दारातूनच सांगून ते गेले.

मी बरा झालो आणि गेलोही. काठी टेकत त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी आरशात बघितलं. नेहमीसारखं "दिसतोस" म्हणाले नाहीत. आक्काने आतून सांगितलं, "ये बाबा, बस. पाय लांब कर." मी बसलो आणि आम्ही राहिलेलं पुरं केलं. त्या दिवसाबद्दल साळवे एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी काहीतरी सबब सांगितली असती आणि प्रकरण मिटलं असतं. डेपोत ते अजूनही दारात विचारायचे. मी सगळ्यांच्या आधी मोठ्याने "या" म्हणू लागलो. पूर्वी अशा वेळी ते माझ्याकडे बघून हसायचे. आता नुसते आत यायचे.

मी पास झालो. आमच्या घराण्यात पहिला. गावात पेढे वाटले, डेपोत वाटले. साळव्यांना पेढा दिला तेव्हा भोवती मंडळी होती. मी म्हणालो, "घ्या साळवे." त्यांनी पेढा कपाळाला लावून कागदात बांधला. आक्कासाठी.

मग पिंपरीची नोकरी लागली आणि मी त्यांना भेटायचं टाळू लागलो. दिघीहून पिंपरी म्हणजे सायकलने तासाभराची गोष्ट. एवढ्या अंतराला लांब कोण म्हणेल? मी म्हणायचो. आमच्या कारखान्यात औषध तयार होतं, ते ताप उतरवतं, जखमा भरतं. मला विज्ञानाचा अभिमान वाटू लागला होता आणि भुताच्या गोष्टीची पोथी करणारा माणूस ओळखीचा आहे, हे नव्या मित्रांना सांगायला नको वाटे.

गेल्या वर्षी पुण्यात नदीकाठच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांत मला ती कादंबरी दिसली. मी घेतली. साळव्यांच्याकडे मी ती तुकड्यातुकड्यांनी, शब्दांचे अर्थ शोधत वाचली होती. आता पहिल्यापासून सलग वाचली. वाचताना डिक्शनरी लागली नाही, तेव्हा मला आधी अभिमान वाटला आणि मग तो का वाटू नये हे आठवलं. बोलावण्याची गोष्ट पुस्तकात अगदी थोडी आहे. साळव्यांनीच ती मोठी केली होती. पण रक्त देण्याची गोष्ट बरीच आहे, आणि तिच्यातला एक भाग मी तेव्हा घाईने उलटला असणार. रक्त दिलेल्या माणसाला त्या घरात कोचावर निजवतात. त्याला खाऊपिऊ घालतात. त्यांच्यातला वडीलधारा डॉक्टर त्याचं तोंडभर कौतुक करतो. ती भुताची गोष्ट आहे, तरी तिच्यातल्या लोकांना एवढं कळतं. आमच्या घरी दुसऱ्याच्या रक्तावर जगलेला आत खाटेवर पडला होता आणि रक्त देणारा उंबऱ्याबाहेर परवानगी मागत उभा होता. मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. तेव्हापासून ते तीनदा झालं आहे.

या महिन्यात आईवडील माझ्याकडे राहायला आले. मी वडिलांना सांगितलं, की श्रावणात साळवेगुरुजींना जेवायला बोलावणार आहे, आणि ते आत, आपल्या पंगतीत बसतील. वडील बराच वेळ दाराबाहेर सिंध्यांच्या कॅम्पाकडे जाणारी माणसं बघत बसले. मग म्हणाले, "तुजं घर हाय. तू म्हनशील तसं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "त्या दिशी म्या त्येंच्या तोंडाकडं बगितलं नव्हतं." आई उठून आत गेली. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती त्या दिवशी पंगतीत बसेल की गावी निघून जाईल, मला माहीत नाही. साळवे येतील की नाही, तेही माहीत नाही. पत्र मी काल पेटीत टाकलं. श्रावण लागायला थोडे दिवस आहेत.

चारचौघांत मी त्यांना नेहमी साळवे म्हणत आलो. म्हणून त्या पत्राची नक्कल चारचौघांत देतो आहे.

तीर्थरूप गुरुजींच्या चरणी साष्टांग नमस्कार.

मी पिंपरीस कारखान्याच्या कॉलनीत राहतो. हे मी आपल्याला कळवायला हवं होतं, कळवलं नाही.

या श्रावणात आपल्या पारायणाच्या समाप्तीला आपण आणि आक्का माझ्याकडे जेवायला यावं. पुस्तक बरोबर आणलंत तर समाप्तीचा भाग माझ्या घरी वाचावा, अशी इच्छा आहे. पाट आणि समई आहे. आईवडील इथेच आहेत, आणि आपण येणार हे त्यांना सांगितलं आहे. आपलं पान वडिलांच्या शेजारी मांडू.

प्रसादाचा डबा भरून आणावा. मागच्या प्रसादाची चटणी मला मिळाली नाही, म्हणजे मी मागितली नाही. या वेळी सगळ्यांच्या आधी मी घेईन. डबा रिकामा परत जाणार नाही.

दारासमोरच्या भिंतीवर मी आरसा लावला आहे. मी त्यात दिसतो. आपल्याला तसा दिसेन की नाही, ते आपण येऊन बघावं.

उंबऱ्यावर थांबू नये, अशी विनंती आहे. पण आपण विचारल्याशिवाय राहणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आपला डेपोतला चहावाला करायचा तसं करतो. आधीच म्हणून ठेवतो.

या, गुरुजी. आत या.